आईचा वेताळ

१९७२ च्या दुष्काळात आमची आई कर्जतला खडी फोडायला जायची. तिच्या मजुरीतले पैसे ढापून मी गोदड महाराजांच्या यात्रेत ‘इंद्रजाल’चा जुना अंक घेतला. मार बसलाच; पण रात्री कंदिलापाशी तीच म्हणाली, ‘‘वाच की आता, काय म्हणतोय तुझा वेताळ?’’ ली फॉकने १९३६ साली अमेरिकेत जन्माला घातलेला हा मुखवटेवाला निरक्षर आई चित्रावर बोट ठेवून ऐकत राहिली.

१९६४ साली सुरू झालेलं ‘इंद्रजाल’ १९९० मध्ये बंद पडलं. पुढं १९९१ पासून ‘सकाळ’मध्ये ‘चिंटू’ येऊ लागला, त्याचीही कात्रणं मी जपली. (सौभाग्यवतींच्या मते रद्दीच!)

आई गेल्यावर तिची ट्रंक उघडली. लुगड्यांच्या तळाशी तोच अंक होता. वेताळाच्या मुखवट्यावर हळदीचं बोट उमटलेलं.