शंभर टनांत एक ग्रॅम

शंभर टन तांदूळ म्हणजे पन्नास किलोची २,००० पोती. त्या सगळ्यांत मिळून एकच ग्रॅम ट्रायसायक्लाझोल! युरोपने तांदळासाठी घातलेली मर्यादा एवढीच आहे, किलोला ०.०१ मिलिग्रॅम. भातावर करपा आला की हे बुरशीनाशक फवारतात. २०१७ अखेरपर्यंत बासमतीला १ मिलिग्रॅमची मुभा होती. ती एकदम शंभर पटींनी आवळली गेली.

एवढंसं सापडतं कसं? दाणे दळायचे. कोरड्या पिठात द्रावक नीट मुरत नाही, म्हणून आधी पाण्यात भिजवायचं. मग अ‍ॅसिटोनायट्राइल ओतून नळी जोरजोरात हलवायची. त्यात मॅग्नेशियम सल्फेट आणि मीठ पडलं की द्रावक पाण्यापासून सुटून वर तरंगतो आणि बुरशीनाशक त्याच्याबरोबर वर येतं. सल्फेट पाणी पितं तेव्हा नळी हाताला चक्क गरम लागते. २००३ साली आलेल्या या पद्धतीचं नाव क्वेचर्स. मिठानं विष वेगळं काढायचं, ही युक्ती मला फार आवडते.

पुढे यंत्र रेणूंचं वजन करतं. ट्रायसायक्लाझोलचा १९० वजनाचा आयन फोडला की १६३ आणि १३६ चे तुकडे मिळतात. हे तुकडे ठरलेल्या प्रमाणात दिसले, की ओळख पटली.

मँकोझेब हे दुसरं बुरशीनाशक मात्र असं हाती लागत नाही. त्याला आम्लात तापवून निघणारा कार्बन डायसल्फाइड मोजतात. कोबीतूनही तो निघतो, त्यामुळे न फवारलेला गड्डाही संशयात सापडू शकतो!

बुरशीनाशक बियाण्यालाही लावतात. आपल्याकडे पेरणीआधी किलोभर बियाण्याला ३ ग्रॅम थायरम हे बुरशीनाशक चोळतात. हात रंगतो, तो रंग म्हणजे ‘हे खायचं नाही’ अशी खूण. इराकमध्ये १९७१-७२ साली पाऱ्याचं बुरशीनाशक लावलेला, रंगवलेला गहू पेरणीसाठी वाटला. गोण्यांवरची सूचना परक्या भाषेत. लोकांनी गहू धुतला, रंग गेला, पारा राहिला. त्याच्याच भाकऱ्या झाल्या. ६,५३० माणसं रुग्णालयात पोचली, त्यांतली ४५९ दगावली. विषाची लक्षणं दिसायला कित्येक आठवडे लागले होते. मग ती भाकरी पोटात गेली कधी, हे शोधायला शास्त्रज्ञांनी रुग्णांचे केस तपासले. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. तुकड्यातुकड्यातला पारा मोजला, तेव्हा कोणत्या महिन्यात किती विष अंगात होतं ते केसानंच सांगितलं.