चार दिवसांची सुट्टी, बेताचा खर्च

एसटीचा पास : ‘आवडेल तेथे प्रवास’ योजनेत ४ किंवा ७ दिवसांचा पास मिळतो. एकदाच पैसे भरायचे, मग मुदतीत हव्या त्या मार्गावर फिरायचे. मुक्काम रोज बदलणाऱ्यांना फायद्याचा. एकाच गावी जाऊन येणाऱ्यांनी आधी साध्या तिकिटाचा हिशेब करावा. एरवीच्या तिकिटावर महिलांना ५० टक्के सवलत (मार्च २०२३ पासून), ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना प्रवास मोफत.

रेल्वे आरक्षण : प्रवासाच्या ६० दिवस आधी, सकाळी ८ वाजता खुले होते. १ नोव्हेंबर २०२४ पूर्वी ही मुदत १२० दिवस होती.

तत्काळ : गाडी सुटण्याच्या आदल्या दिवशी. वातानुकूलित वर्गासाठी सकाळी १०, इतरांसाठी ११ वाजता. दिवस मोजायचा तो गाडीच्या मूळ स्थानकावरून, आपल्या नव्हे. पक्के झालेले तत्काळ तिकीट स्वतःहून रद्द केल्यास परतावा नाही.

बंद वार : अजिंठा सोमवारी, वेरूळ मंगळवारी. छत्रपती संभाजीनगरहून वेरूळ सुमारे ३० किलोमीटर, अजिंठा सुमारे १००. शनिवार-रविवारला जोडून सोमवारची रजा घेतली, तर अजिंठा आधी उरकावा.

पावसाळा : जंजिऱ्याच्या होड्या बंद. माथेरानची नेरळहून वर जाणारी छोटी गाडीही बंद. अमन लॉज ते माथेरान फेऱ्या मात्र सुरू असतात.

कास पठार : फुलांचा बहर साधारण ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा. हंगामात प्रवेशासाठी आगाऊ नोंदणी करावी.