घरबसल्या दुकान आणि परत येणारे पार्सल

वसई पूर्वेच्या वालीव, सातिवली, गोखिवरे या पट्ट्यातील औद्योगिक गाळ्यांत तयार होणारा माल पूर्वी टेम्पोत भरून मुंबईच्या घाऊक बाजाराकडे जाई. आज त्याच गाळ्यांच्या दाराशी पार्सलवाल्याच्या पिशव्याही दिसू लागल्या आहेत. पिशव्या, खेळणी, नकली दागिने, प्लास्टिकची भांडी असा माल बनविणारा छोटा कारखानदार, आगाशी-नंदाखाल भागात राजेळी केळ्यांची सुकेळी करणारे कुटुंब, किंवा विरारच्या सदनिकेत मसाले दळून पुड्या बांधणारी गृहिणी, या सर्वांना ऑनलाइन दुकानाने एकच आश्वासन दिलेले आहे: मध्ये दलाल नको, पागडी नको, सारा देश गिऱ्हाईक. नोकरीची वाट पाहून थकलेल्या पदवीधराला हे आश्वासन विशेष मोह घालते. म्हणूनच त्याचा हिशेब मांडणे अगत्याचे आहे.

टपालाने व्यापार करण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाही. व्ही. पी. पी.ची सोय १८७७ साली सुरू झाली, आणि पुस्तके, औषधे, घड्याळे अशा वस्तू पोस्टमनच्या हाती पैसे मोजून घेणाऱ्यांच्या कित्येक पिढ्या होऊन गेल्या. त्या काळच्या विक्रेत्यांची मोठी तक्रार एकच असे: मागविणारा ऐन वेळी पार्सल नाकारतो. आजच्या ‘कॅश ऑन डिलिव्हरी’चे दुखणे नेमके तेच आहे. यंत्र बदलले, मनुष्यस्वभाव बदलला नाही.

दुकान उघडणे स्वस्त झाले ही गोष्ट खरी. परंतु जे सर्वांना स्वस्त असते त्यातून कोणालाच विशेष नफा सुटत नाही, हे अर्थशास्त्राचे जुनेच सूत्र आहे. वसईच्या बाजारपेठेतील मोक्याच्या गाळ्याला जे भाडे द्यावे लागे, तेच येथे जाहिरातखर्चाच्या रूपाने द्यावे लागते. मोठ्या विक्रीमंचावर हजारो सारख्या वस्तूंच्या रांगेत आपली वस्तू वर दिसावी यासाठी मोजलेली रक्कम म्हणजे भाडेच होय. फरक इतकाच की, त्याचा करारनामा नसतो आणि दर केव्हाही बदलतो.

शंभर मागण्यांचा हिशेब

उदाहरणादाखल एक वस्तू ५०० रुपयांना विकली असे धरू. मालाचा खर्च २५०, मंचाचे कमिशन ७५, वाहतूक ७०, बांधणी १५ आणि जाहिरात ४० रुपये. कर बाजूला ठेवला तर हाती ५० रुपये उरतात. शंभर मागण्यांत पाच हजार, म्हणून उत्साही माणूस खूश होतो. पण शंभरातील दहा पार्सले परत आली तर? कमिशन परत मिळाले असे मानले, तरी जाण्यायेण्याची वाहतूक १४०, बांधणी १५ आणि जाहिरात ४० असे १९५ रुपये प्रत्येक पार्सलामागे बुडतात. नव्वद विक्रींचे ४,५०० वजा १,९५०, म्हणजे उरले २,५५०. वीस परत आली तर ४,००० वजा ३,९००. शिल्लक अवघे शंभर रुपये. एका मागणीची बांधाबांध, पत्ता चिकटविणे आणि हिशेब यांस वीस मिनिटे धरली, तर शंभर मागण्यांस तेहतीस तास लागतात. तासाला तीन रुपये मजुरी कोणता कामगार पत्करील? घरची बाई मात्र पत्करते, कारण तिचा तास वहीत लिहिलाच जात नाही.

वस्तू खाद्यपदार्थाची असेल तर गणित याहून कठोर होते. परत आलेली पिशवी पुन्हा विकता येते; दहा दिवस पार्सलगाडीत फिरून आलेले सुकेळ्यांचे पाकीट कोण विकेल? मग दहा परताव्यांतच मालाचे आणखी २,५०० रुपये जातात आणि शंभर मागण्यांवर ५० रुपये उरतात. शिवाय सुकेळी उन्हावर होतात. मागणी सणाला येते, आणि आभाळ भरून आले की माल हाती नसतो.

गाळेवाल्या कारखानदाराला वेगळाच फटका बसतो. बऱ्याच पार्सल कंपन्या लांबी, रुंदी व उंची यांचा सेंटिमीटरमधील गुणाकार ५,००० ने भागून येणारे किलो आणि प्रत्यक्ष वजन यांतील जे जास्त असेल त्यावर आकार घेतात. ३० × २० × २० सेंटिमीटरच्या खोक्यातील चारशे ग्रॅमचे खेळणे अशा रीतीने २.४ किलोचे ठरते. वस्तू घडविण्यापूर्वी तिचे खोके ठरविणारा कारखानदार म्हणूनच शहाणा.

कायद्याची सीमारेषा

१ ऑक्टोबर २०२३ पासून ठरावीक उलाढालीच्या आतील विक्रेत्याला मंचावरून राज्यांतर्गत माल विकण्यासाठी जीएसटी नोंदणीची सक्ती राहिलेली नाही. नावनोंदणीचा क्रमांक पुरतो. राज्याबाहेर करपात्र माल पाठवायचा तर मात्र नोंदणी हवीच. परिणाम गमतीचा होतो: विरारहून पार्सल थेट गडचिरोलीला पाठविता येते, पण पालघर जिल्ह्याला लागूनच असलेल्या उंबरगावला पाठविता येत नाही. ‘सारा देश गिऱ्हाईक’ या घोषणेचा अर्थ येथे बराच आकसतो. खाद्यपदार्थाला अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी लागते, हेही अनेकांना पहिली नोटीस आल्यावरच कळते.

मंचांची मक्तेदारी मोडावी म्हणून सरकारच्या पुढाकाराने डिसेंबर २०२१ मध्ये ‘ओएनडीसी’ची स्थापना झाली. हेतू योग्य आहे. दारावरचा द्वारपाल दूर झाला तर कमिशन घटेल. परंतु वाहतूक घटणार नाही, परतावाही थांबणार नाही.

नफा मग कोठे आहे? वसईकरांना त्याचे उत्तर परके नाही. येथील भाजीवाल्या, फुलवाले आणि दूधवाले पहाटेच्या गाडीने मुंबई गाठीत, ते काही अनोळखी गर्दीच्या भरवशावर नव्हे. त्यांची घरे ठरलेली असत, रतीब बांधलेला असे. बांधलेल्या गिऱ्हाइकासाठी दररोज नवी जाहिरात लागत नाही, आणि ओळखीच्या विक्रेत्याचा माल दारातून सहसा परत जात नाही. वरच्या उदाहरणातील जाहिरातीचे चाळीस रुपये वाचले आणि परतावा शंभरात दोनवर आला, तर तीच वस्तू शंभर मागण्यांत साडेआठ हजारांच्या आसपास मिळवून देते. दुकान तेच, माल तोच, किंमतही तीच. कर्ज काढून साठा भरण्यापूर्वी नव्या दुकानदाराने एवढेच पाहावे की, पहिल्या शंभर घरांपैकी किती घरांनी दुसऱ्यांदा मागविले.