सागरेश्वरच्या रानाची राखण

"सर, झाडें लावावयास केव्हां जावयाचें?" मृगाचा पहिला पाऊस पडला कीं हा प्रश्न दरवर्षीं वर्गांत हटकून विचारला जातो. प्रश्न उत्साहाचा आहे, आणि विचारणाऱ्या मुलाचें मला कौतुकच वाटतें. परंतु "त्या झाडांना चैत्रांत पाणी घालावयास केव्हां जावयाचें?" असें विचारणारा विद्यार्थी मला आजवर क्वचितच भेटला. रान लावणें हें एका दिवसाचें काम नव्हे, आणि लावलेलें रान राखणें हें तर एका ऋतूचेंही नव्हे. याचें उत्तम उदाहरण आपल्याच मुलखांत आहे. तें म्हणजे सागरेश्वरचें अभयारण्य. तेथें कोणत्या ऋतूंत कोणतें काम निघतें, तें कां करावें लागतें, आणि त्यांत शाळेंतील मुलांना व त्यांच्या वडील मंडळींना कोठें हातभार लावतां येईल, हें या लेखांत सांगण्याचें योजिलें आहे.

सागरेश्वर हें महादेवाचें पुरातन क्षेत्र होय. कडेगांव, पलूस व वाळवें या तीन तालुक्यांच्या सीमा जेथें एकमेकींस भिडतात, तेथील डोंगररांगेवर हें अभयारण्य आहे. पुणें-मिरज लोहमार्गावरील ताकारी स्टेशन तेथून जवळ पडतें. शेजारचें देवराष्ट्रें हें यशवंतराव चव्हाणांचें जन्मगांव. १९१३ सालीं त्यांचा जन्म झाला तेव्हां हा मुलूख सातारा जिल्ह्यांत मोडत होता. १९४९ सालीं दक्षिण सातारा हा निराळा जिल्हा झाला आणि १९६० मध्यें त्यास सांगली हें नांव मिळालें. तेव्हां हें रान दोन्ही जिल्ह्यांचें म्हटलें तरी कोणी रागावूं नये.

डोंगरमाथ्यावर उभें राहिलें कीं खालीं कृष्णाकांठचा हिरवागार ऊस दिसतो, पण डोंगराच्या स्वतःच्या नशिबीं तितकें पाणी नाहीं. महाबळेश्वरास वर्षाकाठीं पांच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो. तेच ढग पूर्वेकडे खटाव-माणांत पोंचतात तेव्हां पांचशेंच्या आसपास देऊन मोकळे होतात. अशा रित्या होत जाणाऱ्या ढगांच्या वाटेवर हा डोंगर आहे. कुऱ्हाड आणि चराई यांनीं तो एके काळीं बोडका झाला होता. मोहित्यांचें वडगांव येथील वृक्षमित्र धों. म. मोहिते यांनीं तो पुन्हां झांकण्याचा ध्यास घेतला. लोकांची मेहनत व सरकारी वनखातें यांस त्यांनीं एकाच कामाला लाविलें. झाडें लागलीं, सांबर, चितळ व काळवीट आणून सोडण्यांत आले, आणि १९८५ सालीं हें रान अभयारण्य म्हणून जाहीर झालें. निसर्गानें दिलेलीं अभयारण्यें पुष्कळ आहेत, पण माणसानें निर्माण केलेलें म्हणून याची ख्याति आहे.

याचा विस्तार अवघा १०.८७ चौरस किलोमीटर. चांदोलीचें राष्ट्रीय उद्यान ३१७.६७ चौरस किलोमीटर आहे, म्हणजे सागरेश्वर त्याच्या एकोणतिसाव्या हिश्श्याएवढें झालें. या लहानपणांतच सर्व कामाचें मर्म आहे. चांदोलीच्या जंगलांतील गवा एका ओढ्याचें पाणी आटलें तर दुसऱ्या ओढ्यावर जातो. सागरेश्वरच्या चितळानें कोठें जावें? सभोंवार कुंपण, कुंपणापलीकडे शेतें, शेतांत माणसें व कुत्रीं. मोठें जंगल आपली उस्तवार आपणच करितें. लहान रान, आणि तेंही माणसानें लावलेलें, माणसावर अवलंबून राहतें. पवित्र शास्त्रांत पहिल्या मनुष्यास बागेंत ठेविलें तें तिची मशागत व राखण करण्यासाठीं, असें सांगितलें आहे. मशागतीवर आपण पुष्कळ बोलतों. राखण हा शब्द मात्र वाचून पुढें जातों.

एक गोष्ट आधींच सांगितली पाहिजे. अभयारण्यांत १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा लागू असतो. वनखात्याच्या परवानगीवांचून आंत जाऊन कांहींही करणें, मग तें कितीही सद्हेतूनें असो, योग्य नाहीं. तेथील सेवा वनरक्षकांच्या सांगण्याप्रमाणेंच करावयाची असते.

पावसाळ्यांतील कामाचा पाया उन्हाळ्यांतच घातला जातो. उतारावर पडलेलें पाणी धांवतें व धांवतांना माती घेऊन जातें. म्हणून उताराला आडवे, एकाच पातळींत चर खणतात; त्यांस सलग समतल चर म्हणतात. पाणी चरांत येऊन थबकतें, मुरतें, आणि चराच्या खालच्या बाजूस टाकलेल्या मातीवर लाविलेल्या रोपास कित्येक महिने ओलावा पुरवितें. जुने चर गाळानें भरतात; ते उपसणें हें नवीं रोपें लावण्याइतकेंच महत्त्वाचें, पण त्याचें छायाचित्र कोणी काढीत नाहीं.

येथें आमची एक फजिती सांगतों. फार वर्षांपूर्वीं मीं मुलांना घेऊन एका उजाड टेकडीवर (ती सागरेश्वरची नव्हे) शंभर रोपें लाविलीं. भाषणें झालीं, खाऊ वांटला, प्रत्येक रोपाजवळ मुलाच्या नांवाची पाटी लाविली. पुढील जून महिन्यांत गेलों तों पाट्या शाबूत होत्या व रोपें तेवढीं नव्हतीं. कांहीं शेळ्यांनीं खाल्लीं, उरलेलीं उन्हानें गेलीं. दोष शेळ्यांचा नव्हता आणि उन्हाचाही नव्हता. आम्ही जुलैनंतर तिकडे फिरकलोंच नव्हतों. तेव्हांपासून रोपें मोजकीं लावावीं आणि तीन उन्हाळे तरी त्यांजकडे पाहावें, असा माझा नेम आहे.

दुसरी चूक याहून सूक्ष्म आहे. मोकळी जागा दिसली कीं तेथें झाड लावावें असें आपणांस वाटतें. पण काळवीट हा माळाचा प्राणी आहे. दूरवर दृष्टि पोंचावी, संकट येतांच मोकळ्यावर भरधांव पळतां यावें, अशी त्याची देहरचना. सांबराला उलट दाट झाडी हवी. सर्वच माळ झाडांनीं भरून टाकिला तर सांबराचें घर वाढेल व काळविटाचें मोडेल. गवत हें रिकामेपण नव्हे.

हीच गोष्ट साताऱ्याहून सुमारें २५ किलोमीटरांवरील कासच्या पठारावर अधिक स्पष्ट दिसते. तेथें जांभ्या दगडावर मातीचा थर कोठें चार बोटें, तर कोठें तोही नाहीं. त्या दरिद्री मातींत ऑगस्टपासून ऑक्टोबरच्या आरंभापर्यंत तेरडा, गेंद, सोनकी यांचे गालिचे पसरतात. सीतेचीं आसवें हें इवलेंसें निळें-जांभळें फूल तर मातींतून पोषण पुरेसें मिळत नाहीं म्हणून सूक्ष्म जीव पकडून खाणाऱ्या वनस्पतीचें आहे. सुमारें ८५० जातींच्या सपुष्प वनस्पतींची तेथें नोंद झाली असून २०१२ सालीं पश्चिम घाटाबरोबर कासचाही जागतिक वारशांत समावेश झाला. येथें झाड लावणें हीच नासधूस ठरेल. येथील सेवा म्हणजे पाऊल आंवरणें. भोंवतालच्या गांवांची वन व्यवस्थापन समिति हंगामांत गर्दीवर नियंत्रण ठेविते, वाटा दाखविते, कचरा उचलते. फुलांत बसून छायाचित्र काढून घेणारे शिकलेले लोक आणि त्यांना विनयानें उठविणारीं खेड्यांतील मुलें, असा देखावा तेथें पाहावयास मिळतो. शिक्षण कोणाचें झालें आहे असा प्रश्न मनांत येतो खरा.

सागरेश्वरला श्रावणी सोमवारीं भाविकांची रीघ लागते. यात्रेनंतर पिशव्या व उष्टें अन्न मागें राहतें. खारट वासानें हरणें प्लॅस्टिकची पिशवी चघळतात. ती त्यांच्या कोठ्यांत अडकते, पोट भरल्याचा भास होतो आणि जनावर उपाशीं मरतें. म्हणून सोमवारचा कचरा मंगळवारीं सकाळींच वेंचणें हें सेवेचें काम आहे, आणि तें करण्यास धर्माची अट नाहीं.

पाऊस सरला कीं ओढ्यांतून अद्याप पाणी वाहत असतें. तेव्हां सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती-वाळू भरून तीं ओढ्यांत आडवीं रचितात. या वनराई बंधाऱ्याला पैसा जवळजवळ लागत नाहीं, हात मात्र पुष्कळ लागतात. शाळेच्या दृष्टीनें याहून चांगलें काम मला दिसत नाहीं.

नोव्हेंबर हा पांखरांचा महिना. ५ तारखेस अरण्यलेखक मारुति चितमपल्ली यांचा व १२ तारखेस डॉ. सालीम अली यांचा जन्मदिन येतो. त्या दोहोंमधील आठवडा २०२० पासून महाराष्ट्रांत पक्षीसप्ताह म्हणून पाळला जाऊं लागला. खटाव तालुक्यांतील मायणीचा ब्रिटिश अमदानींतील तलाव रोहित पक्ष्यांसाठीं प्रसिद्ध आहे. रोहित आपली वांकडी चोंच उलटी धरून उथळ पाण्यांतील सूक्ष्म जीव गाळून खातो. पाणी फार खोल झालें तर त्याचे पाय व चोंच दोन्ही निरुपयोगी ठरतात. त्यामुळें तलाव भरलेला असूनही रोहित दिसले नाहींत तर नवल मानूं नये. कोणत्या दिवशीं किती पांखरें आलीं आणि पाणी कोठवर होतें, एवढें वहींत टिपून ठेवणारा मुलगा शास्त्राची खरी सेवा करितो, मात्र तें दरवर्षीं टिपिलें पाहिजे.

संक्रांतीनंतर गवत वाळतें आणि वणव्याची भीति सुरू होते. वणवा सहसा आपोआप लागत नाहीं. शेताचा बांध जाळतांना ठिणगी उडते, कोणी विडी फेंकतो, कोणी जुनें गवत जाळल्यानें नवें जोमदार येतें या समजुतीनें मुद्दाम पेटवितो. मोठीं झाडें कदाचित् तगतात. पण पुरुषभर उंचीच्या आंतील रोपें, भुईवर अंडीं घालणारीं टिटवी, तित्तिर व चंडोल यांचीं घरटीं, सरडे, कीटक हीं सर्व एका दुपारींत राख होतात. उपाय म्हणून थंडी सरण्याच्या सुमारास जाळरेषा काढितात. म्हणजे ठराविक रुंदीच्या पट्ट्यांतील गवत कापून, माणसें उभीं ठेवून, बेतानें जाळून टाकितात. पुढें वणवा त्या पट्ट्यापर्यंत येतो आणि खाण्यास कांहीं न मिळाल्यानें विझतो. हें काम जाणत्या माणसांचें आहे. मुलांनीं आगीजवळ जाऊं नये. धूर दिसतांच वनरक्षकास कळविणें आणि बांध पेटविण्याआधीं घरच्या वडीलधाऱ्यांना वाऱ्याची दिशा पाहण्यास सांगणें, एवढें मुलांना करतां येतें, आणि तें थोडें नव्हे.

चैत्र-वैशाखांत राखणीची खरी कसोटी लागते. डोंगरावरील पाणी आटतें, कुंपणामुळें हरणांना कृष्णेवर जातां येत नाहीं, म्हणून बांधलेले पाणवठे माणसानें भरावे लागतात. पाणवठा घासून स्वच्छ करणें, त्याच्या एका बाजूस उतार ठेवणें, हीं कामें लहान दिसतात. उतार नसेल तर पाण्यासाठीं वांकलेलें पाडस आंत पडतें आणि त्यास वर येतां येत नाहीं.

वैशाखी पौर्णिमेच्या रात्रीं राज्यांतील अनेक अभयारण्यांत स्वयंसेवक मचाणावर बसून पाणवठ्यावर येणाऱ्या प्राण्यांची नोंद करीत आले आहेत. रात्र तीच कां? चांदणें पुरेसें असतें, आणि पाणी मोजक्याच ठिकाणीं उरल्यानें प्राणी तेथें येतातच. ही मोजणी अचूक नसते. एकच सांबर दोनदां आलें तर दोन लिहिलीं जातात, आणि न आलेलें मुळींच लिहिलें जात नाहीं. म्हणून आतां वाघ-बिबट्यांसाठीं रानांत लपविलेले कॅमेरे व पाऊलखुणा यांवर भिस्त ठेवितात. तरीसुद्धां रात्रभर न बोलतां, न हालतां बसण्याची ती शिकवण मला मोलाची वाटते. दहावींतील मुलांना पाऊण तास गप्प बसवितांना मला काय कष्ट पडतात तें पालकांना ठाऊक नसेल!

आतां एक नावडतें प्रकरण. कुंपण कोठें मोडतें, कोठें हरणें तें ओलांडतात, आणि रात्रींतून कोणाच्या तरी शाळवाचा किंवा भाजीचा फडशा पडतो. सकाळीं शेतकरी बांधावर उभा राहतो तेव्हां त्यास रानाची शोभा सांगून उपयोग नसतो. हें रान ज्यांच्या चराईच्या जागेवर उभें राहिलें ते मेंढपाळ, आणि ज्यांचीं पिकें हरणें खातात ते शेतकरी, यांनीं या अभयारण्यासाठीं जें सोसलें तें कोणत्याही स्वयंसेवकाच्या श्रमांहून कमी नाहीं. फक्त त्यांना कोणी विचारलें नव्हतें. पीकनुकसानीची भरपाई सरकार देतें, पण विलंब न लावितां अर्ज करावा लागतो, पंचनामा व्हावा लागतो, सातबाऱ्याचा उतारा जोडावा लागतो. वृद्ध शेतकरी या कागदांपुढें हात टेंकतो व अर्जच करीत नाहीं. मग पुढच्या वेळीं कुंपण मोडलेलें दिसलें तरी तो कळवीत नाहीं, आणि शेजाऱ्यानें कुत्रीं सोडलीं तरी बोलत नाहीं.

नववी-दहावींतील मुलांना सुवाच्य मराठींत अर्ज लिहितां येतो. निदान आम्ही तसें शिकवितों. ज्या विद्यार्थ्यांचीं गांवें डोंगराच्या कुशींत आहेत त्यांनीं सुटींत घरीं गेल्यावर शेजारच्या आजोबांजवळ बसावें, कोणत्या रात्रीं, कोणत्या गटांतलें, किती पीक गेलें तें विचारून घ्यावें, अर्ज लिहून तो त्यांना वाचून दाखवावा, आणि त्यांच्याबरोबर वनखात्याच्या कचेरींत जाऊन पोंच घेऊन यावें.