उन्हाळ्यात रेड वाइन कडवट का लागते? दौलताबादचं ऊन, भाकरी-भरीत आणि स्वस्त बाटलीचं गणित

मे महिन्यात दौलताबादचा किल्ला उतरून आलेला माणूस आधी पाणी शोधतो, मग उसाचा रस, मग सावली. रेड वाइन त्याच्या डोक्यातही येत नाही. छत्रपती संभाजीनगरच्या परिसरात पारा ४० च्या आसपास असताना लाल, जड, तुरट वाइन प्यायची कल्पनाच अनेकांना नको वाटते. ज्यांनी हौसेने सात-आठशे रुपयांची बाटली आणून रात्रीच्या जेवणासोबत उघडली, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांचा अनुभव सारखाच असतो. पहिला घोट गरम, दुसरा कडू, आणि उरलेली बाटली फ्रिजच्या दारात महिनाभर पडून.

दोष बहुतेक वेळा स्वस्त वाइनचा नसतो. ती कुठे ठेवली, किती गार करून ओतली आणि ताटात तिच्या शेजारी काय होतं, यावर चव ठरते. या तिन्ही गोष्टी घरच्या स्वयंपाकघरात सुधारता येतात.

द्राक्षं इथली जुनीच

मुहम्मद तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी दिल्लीहून देवगिरीला, म्हणजे दौलताबादला हलवली, हे शाळेत सगळेच शिकतात. दख्खनमध्ये द्राक्षवेल रुजण्याचा संबंधही अनेकदा याच स्थलांतराशी जोडला जातो. १३४२ च्या सुमारास दिल्लीहून निघालेला मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता दौलताबादला आला होता. इथे द्राक्षं आणि डाळिंबं वर्षातून दोनदा येतात, अशी नोंद त्याने करून ठेवली आहे.

ही अतिशयोक्ती नव्हती. थंड देशात द्राक्षवेल हिवाळ्यात पानं गाळून झोपी जाते. दख्खनमध्ये तेवढी थंडीच पडत नाही, त्यामुळे वेल झोपत नाही आणि छाटली की पुन्हा फुटते. आजचे बागायतदार याच सवयीचा उपयोग करून घेतात. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये फळछाटणी आणि साधारण जानेवारी ते मार्च काढणी. छाटण्या दोन, पीक एकच.

मात्र मराठवाड्यात आज दिसणारी बहुतेक द्राक्षं खाण्याची आहेत. जालना जिल्ह्यातलं कडवंची हे पाणलोटाच्या कामामुळे द्राक्षाचं गाव म्हणून नावारूपाला आलं, तेही याच द्राक्षांवर. थॉमसन किंवा सोनाकासारख्या जातींपासून रेड वाइन होत नाही, कारण वाइनचा लाल रंग आणि तुरटपणा रसातून येत नाही, तो काळ्या द्राक्षाच्या सालीतून येतो. त्यासाठी शिराझ, कॅबरने सॉव्हिन्यों, झिनफँडेल अशा बारीक दाण्यांच्या, जाड सालीच्या, बिया असलेल्या जाती लागतात. त्या मुख्यतः नाशिक पट्ट्यात आहेत, दौलताबादहून सुमारे पावणेदोनशे किलोमीटरवर. राजीव सामंत यांनी १९९९ मध्ये सुरू केलेली 'सुला' तिथलीच. सोलापूर जिल्ह्यात अकलूजला 'फ्रातेल्ली'ने सॅनजिओव्हेसे ही इटालियन जात लावली.

इथल्या रेड वाइनचा स्वभावही याच हंगामातून येतो. दाणे पिकण्याच्या वेळी, फेब्रुवारी-मार्चमध्ये, ऊन चढत असतं. साखर भराभर वाढते, आंबटपणा उतरतो. साखरेचंच पुढे अल्कोहोल होतं. म्हणून आपल्याकडच्या रेड वाइन फळाच्या चवीच्या, भरदार आणि बऱ्याचदा १३ टक्क्यांच्या पुढेमागे अल्कोहोल असलेल्या असतात. गरम झाल्या की हेच अल्कोहोल नाकात जातं आणि बाकी सगळं झाकून टाकतं.

'रूम टेम्परेचर' म्हणजे कुणाची रूम?

रेड वाइन 'रूम टेम्परेचर'ला प्यावी, हा सल्ला सगळीकडे ऐकायला मिळतो. तो ज्या युरोपात तयार झाला, तिथल्या जुन्या दगडी घरांत खोलीचं तापमान १६ ते १८ अंश असायचं. दौलताबादच्या पत्र्याच्या किंवा स्लॅबच्या घरात मे महिन्याच्या रात्री नऊ वाजताही ते त्याच्या जवळपास दुप्पट असू शकतं. सल्ला तोच, पण खोली बदलली की तो निरर्थक होतो.

तेव्हा उन्हाळ्यात रेड वाइन गार करायलाच हवी. हलक्या रेडसाठी १३-१४ अंश, भरदार रेडसाठी १६ च्या आसपास. फ्रान्समधली बोजोलेसारखी हलकी रेड वाइन तिथले लोकही थोडी गार करूनच पितात, त्यामुळे यात काही अडाणीपणा आहे असं समजायचं कारण नाही. पस्तीस अंशांच्या खोलीतली बाटली फ्रिजमध्ये दीड-दोन तास तरी लागते. घाई असेल तर बादलीत बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ घालून त्यात बाटली बुडवावी, वीसेक मिनिटांत काम होतं. नुसत्या बर्फापेक्षा बर्फाचं पाणी लवकर गार करतं, कारण ते बाटलीला सगळीकडून चिकटतं.

लोडशेडिंग असेल तर माठाचं तत्त्व आहेच. ओलं फडकं गुंडाळून बाटली वाऱ्याला ठेवली की पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं. मराठवाड्याची हवा कोरडी असल्यामुळे हा उपाय इथे कोकणापेक्षा जास्त चालतो. त्याने सोळा अंश गाठता येणार नाहीत, पण बाटली पस्तिशीतून खाली नक्की येते.

पण एकदा फार वेळ तापलेली वाइन नंतर गार करून सुधारत नाही. चव शिजवल्यासारखी, जॅमसारखी होते. आणि इथेच 'वाइन शॉप'चा मुद्दा येतो. पाटीवर वाइन लिहिलेलं असलं तरी आपल्याकडच्या या दुकानांत खप व्हिस्की, रम आणि बिअरचा. बिअर फ्रिजमध्ये असते. वाइन मात्र अनेकदा वरच्या फळीवर, ट्यूबलाइटच्या खाली किंवा थेट काचेतून येणाऱ्या उन्हात उभी असते. व्हिस्कीला त्याने फारसा फरक पडत नाही, वाइनला पडतो. म्हणून धूळ बसलेली बाटली 'जुनी म्हणजे भारी' समजून घेऊ नये. स्वस्त रेड वाइन मुरवण्यासाठी बनवलेलीच नसते. लेबलवरचं साल पाहून अलीकडची घ्यावी, आतल्या खोक्यातली मागावी. बूच वर सरकलेलं किंवा झाकणाखाली चिकट ओघळ दिसला तर बाटली तापली असण्याची शक्यता मोठी. घरी आणल्यावर ओट्याच्या वरच्या कपाटात ठेवू नये, ती घरातली सगळ्यात गरम जागा असते. वेरूळच्या खोल लेण्यात शिरल्यावर बाहेरच्या उन्हाचा विसर पडतो, युरोपातली तळघरं त्याच कारणासाठी असतात. ज्यांच्याकडे तळघर नाही त्यांच्यासाठी फ्रिजचा भाजीचा कप्पा पुरेसा आहे.

पाचशे ते हजार रुपयांत काय घ्यावं?

महाराष्ट्राने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आणून इथल्या द्राक्षांपासून बनलेल्या वाइनला उत्पादन शुल्कात सवलत दिली. परदेशी वाइनवर मात्र मोठं सीमाशुल्क लागतं. त्यामुळे राज्यात पाचशे ते हजार रुपयांच्या पट्ट्यात स्थानिक बाटलीच सरस पडते. हजाराची आयात बाटली ही मूळ देशात अगदी साधी वाइन असते, बाकीचे पैसे कराचे आणि प्रवासाचे.

उन्हाळ्यासाठी झिनफँडेल किंवा सॅनजिओव्हेसे, नाहीतर हलकी शिराझ बरी. 'रिझर्व्ह' लिहिलेली, लाकडी पिंपात मुरलेली कॅबरने हिवाळ्यासाठी ठेवावी. ती महागही असते आणि उकाड्यात तोंड कोरडं करते. 'पोर्ट' नावाने मिळणारी गोड लाल वाइन अनेकांची पहिली रेड वाइन असते. ती जेवणाबरोबरची नव्हे. तिच्यातला गोडवा आमटी-भाकरीशी भांडतो.

अगदीच साधी बाटली हाती आली तर स्पेनकडे बघावं. तिथे स्वस्त रेड वाइनमध्ये बर्फ आणि लिंबाचा सोडा घालून पितात. नावच 'तिंतो दे वेरानो', म्हणजे उन्हाळ्याची लाल वाइन. आपल्याकडे लिंबू-सोड्याची गाडी कोपऱ्यावरच असते.

ताटात काय असावं, काय नसावं

मराठी उन्हाळी ताटातले सगळ्यात लाडके पदार्थ नेमके रेड वाइनचे वैरी आहेत, हे आधी मान्य केलेलं बरं. आमरसापुढे कोणतीही कोरडी वाइन आंबट आणि पातळ वाटते, कारण जेवण वाइनपेक्षा गोड झालं की वाइनमधलं फळ हरवतं. कैरीची डाळ, लोणचं यांच्या आंबटपणापुढे ती सपक होते. मठ्ठा आणि दही-काकडीच्या कोशिंबिरीबरोबर तुरटपणा विचित्र लागतो. कारल्याच्या कडूवर वाइनचा कडूपणा चढतो. मासे असतील तर रेड वाइनमधलं लोह त्यांचा उग्र वास वाढवतं, त्यामुळे तिथेही नको.

मग उरलं काय? बरंच काही. वांग्याचं भरीत पहिल्या नंबरवर. विस्तवावर भाजलेल्या वांग्याचा धुरकट वास आणि झिनफँडेल यांचं छान जमतं, फक्त भरीत दह्यातलं नको, शेंगदाण्याचं कूट आणि तेल घातलेलं हवं. रेड वाइनचा तुरटपणा, म्हणजे टॅनिन, लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं म्हणून तोंड कोरडं पडतं. जेवणात प्रथिनं आणि स्निग्धपणा असला की टॅनिनला चिकटायला दुसरं काही मिळतं आणि वाइन मऊ लागते. युरोपात हे काम चीज आणि मांस करतं. मराठवाड्यात ते शेंगदाणा करतो. दाण्याची चटणी, दाण्याच्या कुटातल्या शेवग्याच्या शेंगा, वर कच्चं तेल सोडलेलं पिठलं आणि ज्वारीची भाकरी, हे ताट रेड वाइनच्या दृष्टीने कमाल आहे, आणि कुणी तसा विचारच केलेला नसतो.

काळ्या मसाल्याची किंवा येसराची आमटीही चालते. खोबरं, धणे, दगडफूल यांचा भाजका वास शिराझला जवळचा आहे. काळी मिरी आणि काही शिराझ वाइन यांच्यात तर रोटंडोन हे एकच सुगंधी द्रव्य सापडतं. अंडा करी, सुकं मटण, मसुराची उसळ, रात्रीची खिचडी-पापड, सगळं बसतं.

अट एकच, तिखट हात आखडून. मिरचीतलं कॅप्सेसिन तोंडातल्या उष्णता ओळखणाऱ्या ग्राहींना चेतवतं आणि अल्कोहोलही त्याच ग्राहींवर काम करतं. दोन्ही एकत्र आले की जिभेवर आग. झणझणीत ठेचा आणि १४ टक्क्यांची वाइन ही जोडी म्हणजे शिक्षा. ठेचा हवाच असेल तर त्यात दाणे वाढवावेत, आणि वाइन आणखी दोन अंश गार.

आधी नव्हे, जेवताना

खरी अडचण चवीपेक्षा सवयीची आहे. आपल्याकडे प्यायचं ते जेवणाआधी, चखन्याबरोबर, आणि बहुतेकदा घराबाहेर किंवा गच्चीवर. जेवण येतं तोवर ग्लास संपलेले असतात. रिकाम्या पोटी नुसती रेड वाइन प्यायली तर ती तुरट लागणारच. ती जेवणासोबत, घोट-घोट घ्यायची गोष्ट आहे. शेजारी पाण्याचा तांब्या हवाच, कारण अल्कोहोलने लघवी वाढते आणि उन्हाळ्यात शरीराला आधीच पाणी कमी पडत असतं.

जानेवारी २०२२ मध्ये राज्य सरकारने मोठ्या किराणा दुकानांत आणि सुपरमार्केटमध्ये वाइन विक्रीचा निर्णय घेतला, तेव्हा 'वाइन म्हणजे दारू नव्हे' हे वाक्य खूप गाजलं. विरोध झाला आणि निर्णय प्रत्यक्षात आला नाही. शेतकऱ्याच्या द्राक्षाला भाव मिळावा, हा मुद्दा त्या वादात खरा होता. पण त्या वाक्यात तथ्य नाही. १३ टक्क्यांच्या वाइनचा १५० मिलिलिटरचा ग्लास आणि ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीचा ४५ मिलिलिटरचा, म्हणजे दीड छोटा पेग, यांत अल्कोहोल जवळपास सारखंच असतं, साडेएकोणीस मिलिलिटरच्या आसपास. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केलं की आरोग्यासाठी सुरक्षित म्हणता येईल असं अल्कोहोलचं कोणतंही प्रमाण नाही. रेड वाइन हृदयाला चांगली म्हणून सुरू करावी, हा सल्ला त्यामुळे बाद ठरतो. जे पीत नाहीत त्यांनी सुरू करण्याचं काहीच कारण नाही. जे पितात त्यांना महाराष्ट्रात मद्यसेवनाचा परवाना लागतो, वयाची अट आहे आणि वर्धा, गडचिरोली या जिल्ह्यांत दारूबंदी आहे, हेही लक्षात ठेवायला हवं.

दोघांच्या जेवणाला ७५० मिलिलिटरची बाटली जास्तच होते. ३७५ मिलिलिटरची अर्धी बाटली मिळाली तर ती घ्यावी, दर थोडा चढा पडला तरी वाया जात नाही. नाहीतर झाकण घट्ट लावून बाटली उभी फ्रिजमध्ये ठेवावी. आडवी ठेवली तर आतल्या हवेशी वाइनचा जास्त संबंध येतो. उघडलेली रेड वाइन तीन-चार दिवस ठीक राहते. त्यानंतर हवेतला ऑक्सिजन आणि जिवाणू मिळून तिचा हळूहळू शिरका करतात. तोवर आंबट झालेली वाइन रविवारच्या मटणाला आलं-लसणाबरोबर तासभर चोळून ठेवायला चालते. तेव्हा त्यात दही घालू नये.