मोशेच्या मृत्यूची आठ वचने

तोराह म्हणजे उत्पत्ती, निर्गम, लेवीय, गणना आणि अनुवाद ही पाच पुस्तके. देवाने सांगितले आणि मोशेने लिहून घेतले, ही यहुदी परंपरेची श्रद्धा. पण पाचव्या पुस्तकाच्या ३४व्या अध्यायात मोशे मरतो, त्याला मूठमाती मिळते आणि त्याची कबर आजवर कोणाला ठाऊक नाही, असेही तिथे नोंदलेले आहे. ही नोंद केली कोणी?

हा प्रश्न नास्तिकांनी उकरून काढलेला नाही. तो थेट तलमूद या यहुदी धर्मचर्चेच्या ग्रंथातच आहे. 'बाबा बात्रा' या भागात एक मत असे की शेवटची आठ वचने मोशेनंतरचा नेता यहोशवा याने लिहिली. रब्बी शिमोन यांना ते मान्य नाही. तोराहच्या त्याच पाचव्या पुस्तकात मोशे लेवी वंशातल्या लोकांना 'हा ग्रंथ घ्या' म्हणतो; एक अक्षर जरी उणे असते, तर तो ग्रंथ पुरा कसा म्हणायचा? म्हणून देव सांगत गेला आणि मोशे रडत रडत लिहीत गेला, असा त्यांचा निर्वाळा. दोन्ही मते शेजारीशेजारी आहेत. नंतर कोणी त्यातले एक खोडले नाही.

बाराव्या शतकातले स्पेनचे भाष्यकार अब्राहम इब्न एझ्रा यांना आणखी एक शब्द खटकला. अब्राहाम कनान देशात आला 'त्या वेळी' तिथे कनानी लोक होते, असे उत्पत्तीच्या १२व्या अध्यायात म्हटले आहे. कनानी तर मोशेच्या हयातीतही तिथेच होते. मग 'त्या वेळी' कशाला? कदाचित कनानींनी तो देश तेव्हाच दुसऱ्या कोणाकडून घेतला असेल. तसे नसेल तर यात गुपित आहे आणि शहाण्याने गप्प राहावे, असे लिहून ते पुढे सरकले. गप्प राहण्याला कारण होते. तोराह स्वर्गातून आलेली नाही असे म्हणणाऱ्याला परलोकात वाटा नाही, असे तलमूदचा गाभा असलेली मिश्ना बजावते.

तत्त्वज्ञ बारुख स्पिनोझा गप्प राहिले नाहीत. १६५६ मध्ये ॲमस्टरडॅमच्या यहुदी समाजाने त्यांना बहिष्कृत केलेलेच होते. १६७० मध्ये निनावी छापलेल्या पुस्तकात त्यांनी इब्न एझ्रांचे गुपित फोडले आणि हे ग्रंथ मोशेनंतर कित्येक शतकांनी, बहुधा बायबलमधल्या एझ्रा शास्त्र्याने रचले, असे मांडले.

१७५३ मध्ये झां आस्त्र्युक या फ्रेंच वैद्याने देवाच्या दोन नावांवरून, एलोहीम आणि यहोवा, उत्पत्तीतले दोन धागे वेगळे केले. गंमत अशी की त्यांना मोशेचे कर्तृत्व वाचवायचे होते: मोशेने जुनी टिपणे वापरली, इतकेच त्यांचे म्हणणे. एकोणिसाव्या शतकात जर्मन अभ्यासक ज्युलियस वेलहाउझेन यांनी चार धाग्यांचा सिद्धांत पक्का केला. आजचे अभ्यासक त्यांच्या वाटणीवर भांडतात, पण अनेक हात लागले हे बहुतेकांना मान्य आहे.

श्रद्धावंतांच्या उत्तरांत सर्वांत धीट उत्तर विसाव्या शतकातले रब्बी मोर्दखाय ब्रॉयर यांचे. अभ्यासकांना दिसलेले वेगवेगळे सूर त्यांनी नाकारले नाहीत. ते सारे एकाच देवाचे आहेत, असे म्हटले.

वर्षभराचे तोराहवाचन जिथे पुरे होते, त्या सिम्हात तोराहच्या सणाला सिनेगॉगमध्ये मोशेच्या मृत्यूची ती आठ वचने मध्ये न तोडता सलग वाचतात. ती संपली की लगेच दुसरी गुंडाळी उघडून उत्पत्तीचे पहिले वाक्य सुरू होते.