अल्फा, बीटा आणि ताटातली मुशी!

शास्त्री आणि सोनवी भेटतात तिथे आपलं संगमेश्वर. असाच संगम तुमच्या अंगातही अब्जावधी ठिकाणी झालाय, माहीत आहे का? टी-पेशी या रोगाशी लढणाऱ्या पेशी; त्यांच्यावर अल्फा आणि बीटा या दोन प्रथिन-साखळ्या जोडीने उभ्या असतात. हाच टी-सेल रिसेप्टर, शॉर्टमध्ये टीसीआर. व्हायरस शिरलेली पेशी हुडकणारा पठ्ठ्या!

खरी धमाल टोकाला. तिथला भाग बदलता, म्हणून तो ‘व्हेरिएबल’. बांधणी मात्र पक्की: पट्ट्यांचे दोन थर, मधे गंधकाचा टाका, बाहेर तीन लूप. दोन साखळ्यांचे मिळून सहा. ओळखपरेड यांच्याकडे!

आता हा बदलता भाग घडवणारे जीन्स मोजा. बीटात त्यांचे तीन प्रकार: व्ही, डी आणि जे. बीटा साखळीचे कामाचे व्ही जीन्स पन्नासच्या आत, डी फक्त 2, जे 13. बस्स! प्रत्येकातला एकेक उचलायचा, जोडायचा. वर टीडीटी नावाचं एन्झाइम सांध्यावर कुठल्याही साच्याशिवाय डीएनएची अक्षरं घुसवतं. म्हणून तिसरा लूप, सीडीआर3, सगळ्यांत अतरंगी. शक्य रिसेप्टर किती? अंदाज सांगतो, एकावर 15 शून्यं! एवढ्या टी-पेशी माणसाच्या अंगात मावतच नाहीत.

एकसारख्या जुळ्यांचं काय? चेहरा सेम, जन्मतःचा डीएनए सेम, पण रिसेप्टरचा साठा वेगळा!

उरलेले दोन लूप मात्र शिस्तीचे. ते मोजक्याच ठरावीक आकारांत वळतात, हे अल-लझिकानी, लेस्क आणि चोथिया यांनी 2000 साली मांडलं. म्हणजे आकारावरूनही गट पाडता येतात.

आणि या जीन्सची नावं? फ्रान्समधल्या माँपेलिएला मारी-पॉल लफ्रां यांनी 1989 मध्ये आयएमजीटी हे या जीन्सचं माहितीकोठार सुरू केलं. तिथे टीआरबीव्ही20-1 म्हणजे टी-रिसेप्टर, बीटा, व्ही, 20वा उपगट, पहिला जीन. पत्ताच म्हणा ना! त्यांच्या मोजणीत गंधकाचा टाका पडतो 23व्या आणि 104व्या जागांमध्ये.

टीआरबीव्ही30 हा जीन रांगेच्या शेवटी, तोही उलट्या तोंडाने, माहीत आहे का? काही टी-पेशींवर अल्फा-बीटाऐवजी गॅमा-डेल्टा ही जोडी असते. त्यातल्या डेल्टा साखळीचे जीन्स बसलेत चौदाव्या गुणसूत्रावर, थेट अल्फाच्या मधोमध. अल्फाची जुळणी झाली, की डेल्टा कापून बाहेर. आउट!

आता मुशी. कालवणातली तीच! तिच्या शार्क कुळातही अल्फा, बीटा, गॅमा, डेल्टा चारही साखळ्या आहेत. आपला आणि शार्कचा समाईक पूर्वज कोट्यवधी वर्षांमागचा, म्हणजे ही आयडिया किती जुनी बघा. नर्स शार्कने तर काही डेल्टा साखळ्यांवर एक जादा व्ही भाग चढवलाय. डबल डेकर!

आणि महाराष्ट्राचा स्कोअर? नेक्सकार19! आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलची ही कार-टी उपचारपद्धती राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते 4 एप्रिल 2024 रोजी पवईत सुरू झाली. रुग्णाच्याच टी-पेशींना इथे जादा रिसेप्टर मिळतो. त्याचा व्हेरिएबल भाग मात्र टीसीआरचा नाही, अँटीबॉडीच्या घराण्यातला. तो कॅन्सरपेशींवरचं सीडी19 हे प्रथिन हेरतो आणि रक्ताच्या कॅन्सरवर तुटून पडतो.

संगमेश्वर-देवरुखच्या सायन्सवाल्यांनो, आयएमजीटी ऑनलाइन आहे. आज टीआरबीव्ही30 शोधाच!